मीटरचा लाल दिवा

घरातली वीज कुठे मुरते हे शोधायला मोठी यंत्रं लागत नाहीत. रात्री झोपण्यापूर्वी दिवे-पंखे मालवावेत, टीव्ही नेहमीसारखा रिमोटनेच बंद करावा, फ्रिजचं बटण दहा मिनिटांपुरतं बंद करावं आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभं राहावं. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी बहुधा ३२०० हा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. तो दर ३० सेकंदांनी लुकलुकत असेल, तर कुणी काही वापरत नसतानाही घर साडेसदतीस वॅट ओढतं आहे. महिन्याला २७ युनिट!

बंगळुरूत घरोघरचा वीजवापर तपासणं हे माझं काम. लोकांना आधी आठवतो तो मोबाइलचा चार्जर. फोन न लावलेला आजचा चार्जर जवळजवळ काहीच खात नाही. त्याच्यामागे लागू नये. खरे खादाड वेगळे. रिमोटने ‘बंद’ केलेला सेट-टॉप बॉक्स बऱ्याचदा चालू असताना घेतो जवळपास तेवढीच वीज घेत राहतो. बॅटरी भरलेली असली तरी इन्व्हर्टर घेतोच. पण वीज जाणाऱ्या वस्तीत तो बंद करा, असं मी सांगणार नाही. आणि एसीचा स्टॅबिलायझर! इथे एसी लागतो तो मार्च ते मेपर्यंत, पण स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर बारा महिने गुणगुणत, कोमट होत बसलेला असतो. त्याला हात लावून पाहा. तो कोमटपणा म्हणजे तुमची वीज. साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी निवतं, तो पुन्हा तापवतो. गीझरवरचे तारे या निवण्याच्या हिशेबावरच दिलेले असतात.

२०२३ साली कर्नाटकात ‘गृहज्योती’ ही मोफत विजेची योजना आली. बिल शून्य झालं आणि पुष्कळ घरांतलं मीटरकडे बघणंच सुटलं. गरिबाच्या घरी दिवा फुकट जळावा, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र २०० युनिटांची मर्यादा ओलांडली की सगळं बिल अंगावर येतं, आणि काठावरच्या घरात हे २७ युनिटच घात करतात. त्याच वर्षी पाऊस कमी झाला, ज्यावर वीज तयार होते ते शरावतीच्या खोऱ्यातलं पाणी खाली गेलं आणि ऑक्टोबरात राज्याला विजेची चणचण भासली. पावगड्याच्या सौर प्रकल्पाची वीज रात्री नसते. नुसत्या बसून असलेल्या उपकरणांची भूक मात्र रात्रभर तेवढीच, आणि तिचा बराचसा भार रायचूरसारख्या ठिकाणच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांवर पडतो.

ॲलन मायर या अमेरिकी संशोधकाने १९९८ साली सुचवलं होतं, की बसून असलेल्या उपकरणाने एका वॅटहून जास्त घेऊ नये. युरोपने २०१३ पासून बहुतेक घरगुती उपकरणांना अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. मला हाच मार्ग योग्य वाटतो. आपल्याकडे सेट-टॉप बॉक्स निवडते केबल किंवा डिशवाली कंपनी आणि बिल भरतं घर. मग कमी खाणारा बॉक्स देण्याची निकड कुणाला वाटणार? हे बंधन कायद्यानेच यायला हवं. सत्तरीच्या आजींनी रोज रात्री टीव्हीमागे वाकून बटण शोधावं, ही काही ऊर्जाबचतीची रीत नव्हे.

तोवर, नव्या फ्लॅटचं वायरिंग चालू असेल तर इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी सांगून ठेवा: टीव्ही आणि बॉक्सचं बटण हाताच्या उंचीवर, दर्शनी भिंतीवर घे, आणि राउटरचा पॉइंट त्याच्यापासून वेगळा काढ, म्हणजे टीव्ही बंद केला की घरातलं इंटरनेट जाणार नाही.