उन्हावरून गेलेला आवाज

ग्रॅहम बेल म्हटले की आपल्याला टेलिफोन आठवतो. स्वतः बेल मात्र फोटोफोनला आपला सर्वश्रेष्ठ शोध मानत. १८८० साली वॉशिंग्टनमधील फ्रँकलिन शाळेच्या छतावरून त्यांचे सहकारी चार्ल्स समनर टेन्टर बोलले आणि २१३ मीटरवरील प्रयोगशाळेत बेल यांनी ते ऐकले. मध्ये तार नव्हती. होते केवळ ऊन.

आवाजाने पातळ आरसा कंप पावे आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश त्या कंपनांबरहुकूम कमीजास्त होई. पलीकडे अंतर्वक्र आरशाच्या नाभीपाशी सेलेनियम ठेवलेले असे. प्रकाश वाढला की सेलेनियमचा विद्युतरोध घटतो. त्या बदलत्या प्रवाहातून श्रवणयंत्रात पुन्हा आवाज उमटे. (धाकट्या कन्येचे नावच ‘फोटोफोन’ ठेवावे, असे बेल यांच्या मनात होते म्हणतात. पत्नीने ते होऊ दिले नाही, हे बरेच झाले!)

ढग आले, धुके दाटले की संभाषण खुंटे. एवढ्यावरून या यंत्राला ‘फसलेले’ ठरवले जाते, आणि इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ते खटकते. तत्त्व खरेच होते. उणीव होती ती उन्हापेक्षा भरवशाच्या प्रकाशाची आणि त्याला धुक्यापासून जपणाऱ्या वाटेची. १९६० मध्ये पहिला लेसर उजळला. १९६६ मध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी पुरेशा शुद्ध काचेच्या तंतूतून दूरवर संदेश धाडता येईल, असे मांडले. आज समुद्रतळाच्या केबलींतून प्रकाशच धावतो.