काळी रेघ

आमच्या घरीं एक खेकडा आहे. माझ्या खोलींत पुस्तकांच्या कपाटाशेजारीं तो निमूटपणें बसलेला असतो, आणि नवीन येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे बोट दाखवून "हें काय आहे?" असें विचारल्यावांचून राहत नाहीं. खेकडा हें नांव आमच्या सौभाग्यवतीनें ठेविलेलें. वस्तुतः तो एक विद्युच्चुंबक आहे. कारखान्यांत त्याला 'योक' म्हणतात. मुठींत धरावयाचा जाड दांडा आणि त्याला सांध्यांतून वळणारे दोन पाय, असें त्याचें रूप असल्यामुळें ही उपमा मलाही मान्य करावी लागली. बटन दाबतांच त्याच्या पायांनीं ४.५ किलोचें पोलादी वजन अधांतरीं उचललें पाहिजे. तेवढें उचललें नाहीं तर त्याला कामावरून दूर करावयाचें, असा नियम आहे. माझा खेकडा या नियमान्वयें निवृत्त झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं मी वयाच्या नियमान्वयें.

तीसएक वर्षें आम्हां दोघांचा व्यवसाय एकच होता : वेल्डिंगनें जोडलेल्या पोलादांत चिरा शोधणें. वाचकांपैकीं ज्यांनीं लहानपणीं कागदाखालीं लोहचुंबक धरून वर लोखंडाचा कीस नाचविला असेल, त्यांना आमची विद्या निम्मी येतेच. सांधा घासून स्वच्छ करावयाचा, त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावयाचा, योकचे पाय टेकवून बटन दाबावयाचें, आणि दाबलेलें असतांनाच वरून शाई फवारावयाची. तिला शाईच म्हणतात. ती म्हणजे पातळ तेलांत कालविलेली लोखंडाच्या ऑक्साइडची अत्यंत बारीक काळी पूड. पोलाद अखंड असेल तर चुंबकाच्या बलरेषा त्याच्या पोटांतून सुखानें वाहत जातात. वाटेंत चीर आडवी आली म्हणजे त्यांतल्या कांहीं रेषा पृष्ठभागाबाहेर पडून हवेंतून पलीकडे उडी घेतात. शाईंतले कण नेमके या उडीच्या जागीं धांवून येतात, आणि नुसत्या डोळ्यांना कधीं दिसली नसती अशी चीर पांढऱ्यावर काळी रेघ होऊन उमटते. इतर शाया लिहिणाऱ्याच्या मनांतलें लिहितात. ही पोलादाच्या मनांतलें लिहिते.

मात्र चीर आडवी आली पाहिजे. बलरेषांच्याच दिशेनें ती धांवत असेल तर त्या तिच्या शेजारून निघून जातात आणि शाई मौन धरिते. म्हणून योक एकदां उभा आणि एकदां आडवा, असा दोनदां लावावयाचा. शिवाय ही विद्या चुंबकाला दाद देणाऱ्या धातूपुरतीच आहे. एका स्नेह्यांनीं आपलें स्टेनलेसचें पातेलें तपासून मागितलें होतें. त्या जातीच्या पोलादाला चुंबक धरीतच नाहीं हें त्यांना पटवितां पटवितां माझा चहा थंड झाला.

या कल्पनेचा इतिहास मनोरंजक आहे. १८६८ सालीं इंग्लंडांत सॅक्स्बी नांवाच्या गृहस्थानें तोफेच्या नळीवरून होकायंत्र फिरवून तिच्यांतले दोष हुडकले. पुढें विल्यम होक या अमेरिकन माणसाच्या असें ध्यानांत आलें कीं, चुंबकानें धरून घासलेल्या पोलादावर घासणीचा कीस उगीच कोठेंतरी न बसतां चिरांवर ओळीनें बसतो. १९२२ सालीं त्याला या युक्तीचें पेटंट मिळालें. कीस त्यापूर्वींही पुष्कळांनीं पुसून टाकला असेल.

पण मला सांगावयाची आहे ती गोष्ट १९८४ सालच्या पावसाळ्यांतली, पुण्याजवळच्या एका कारखान्यांतली. माझें वय तेव्हां सव्वीस. आमच्याकडे एक वृद्ध वेल्डिंग मिस्त्री होते. त्यांचा सांधा इतका एकसारखा उतरे कीं नवीं पोरें तो पाहण्यासाठीं जेवणाच्या सुटींत उभीं राहत. मी योक घेऊन आलों कीं ते हंसून म्हणत, "या साहेब, काढा रांगोळी." आणि रांगोळी कधीं निघत नसे.

एका शुक्रवारीं जड यंत्रें उचलण्याची एक तुळई पुरी झाली. तिला ४० मिलिमीटर जाडीच्या उच्च प्रतीच्या पोलादाचे चार कान जोडलेले होते. शेवटचा कान दुपारीं बसला. गाडी रात्रीं येणार होती. अशा जाड पोलादाची तपासणी वेल्डिंगनंतर ४८ तास थांबून करावी, असा नियम माझ्याच टेबलावरच्या पुस्तकांत छापलेला होता. मीं सहा तासांनीं तपासणी केली. उभा आणि आडवा, दोन्ही रीतींनीं योक लावला. शाई वाहून गेली, रेघ नाहीं. 'चीर आढळली नाहीं' असा दाखला लिहून मीं सही केली.

गाडी आली नाहीं. घाटांत दरड कोसळली होती. सोमवारीं सकाळीं मिस्त्री फाटकापाशींच माझी वाट पाहत उभे होते.

"साहेब, त्या तुळईला तुमचें मशीन पुन्हां एकदां लावा."

"कां हो, मिस्त्री?"

"तिसऱ्या कानाला शेवटचे चार रॉड उघड्या पुड्यांतले लागले. भट्टींतले संपले होते. पाऊस होता, अन् वरून घाई." एवढें बोलून ते जमिनीकडे पाहूं लागले.

या चार रॉडांचा अर्थ आम्हां दोघांनाही ठाऊक होता. रॉडवरचें आवरण हवेंतला ओलावा शोषून घेतें, म्हणून ते भट्टींत भाजून गरम ठेवावे लागतात. ओला रॉड पेटला कीं पाण्यांतला हायड्रोजन वितळलेल्या धातूंत शिरतो. सांधा थंड झाल्यावर तो हळूहळू शेजारच्या कडक झालेल्या पट्ट्यांत जाऊन बसतो, आणि आकसणाऱ्या पोलादाच्या ताणाला त्याची जोड मिळाली म्हणजे कांहीं तासांनीं, कधीं दोन दिवसांनीं, तेथें चीर जन्मास येते. ४८ तासांचा नियम यासाठींच.

खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं मला मिस्त्रींचा रागच आला. माझी सही झालेली होती. ते गप्प राहते तर तुळई गेली असती, आणि शुक्रवारीं मीं जें पाहिलें तेंच लिहिलें होतें, असें म्हणावयाला मी मोकळा होतों. पण योक लावला. तिसऱ्या कानाच्या सांध्याच्या कांठाला लागून बोटाच्या दोन पेरांएवढी काळी रेघ उमटली. मीं ती पुसली आणि पुन्हां शाई फवारली. पुन्हां तेथेंच. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. ग्राइंडर घेऊन आले.

चीर खणून काढून नवा सांधा भरल्यावर पुनश्च ४८ तास थांबणें प्राप्त होतें. उत्तर समुद्रांतील 'अलेक्झांडर कीलंड' या तरंगत्या वसतिगृहाच्या अपघाताचा वृत्तांत माझ्या खणांत बरेच दिवस न वाचतां पडला होता. तो त्या दोन दिवसांत वाचला. कीलंड हा नॉर्वेचा कादंबरीकार. त्याचें नांव दिलेलें हें वसतिगृह तेलविहिरींवरच्या कामगारांसाठीं होतें. २७ मार्च १९८० रोजीं वादळांत त्याचा एक आधार तुटला, पाठोपाठ पांच खांबांपैकीं एक गळून पडला, आणि तें उलटलें. २१२ माणसांपैकीं १२३ मेलीं. चौकशींत मूळ सांपडलें तें एका क्षुल्लक जोडकामांत. पाण्यांतले ध्वनि टिपणारें यंत्र बसविण्यासाठीं त्या आधाराला एक लहानसा तुकडा ६ मिलिमीटरच्या सांध्यानें जोडला होता. त्यावर कसलाही भार यावयाचा नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी फारसें पाहिलें नसावें. तेथील चिरेच्या आंत रंगाचे अंश आढळले. म्हणजे १९७६ सालीं वसतिगृह कामावर जाण्यापूर्वीं, रंगाऱ्याचा कुंचला फिरला तेव्हांच, चीर तेथें होती आणि तो तिच्यावरून फिरला होता. माझी चीर सहीनंतरची आणि ही रंगापूर्वींची, एवढाच काय तो फरक. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

कारखान्याच्या नोंदवहींत मीं दोन ओळी लिहिल्या : एक ओल्या रॉडांविषयीं, दुसरी माझ्या घाईविषयीं. वरिष्ठांनीं पहिलीच वाचली असावी, कारण मिस्त्रींचें त्या महिन्याचें बक्षीस कापलें गेलें आणि माझें गेलें नाहीं. मीं हरकत घेतली, पण मोठ्यानें घेतली नाहीं. तें अजून बोंचतें. मिस्त्रींनीं त्याविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. शुक्रवारचा दाखला मात्र मीं फाडला नाहीं. तो माझ्यापाशीं आहे, आणि त्यांत लिहिलेलें एकही अक्षर खोटें नाहीं.

बुधवारीं संध्याकाळीं आम्हीं तुळईला पुन्हां पांढरा हात दिला. मिस्त्रींनीं कंदील धरिला, कारण वीज जाऊन नुकतीच आली होती आणि पुन्हां जाईल अशी त्यांना खात्री होती. योक उभा लावला, आडवा लावला. शाई ओघळून खालीं गेली. फाटकाबाहेर गाडीवाला तिसऱ्यांदा भोंगा वाजवीत होता. "वाजवूं द्या त्याला," मिस्त्री म्हणाले, "चौथा कान राहिलाय."