पारना

'मंडईसाठी भंडाऱ्याला चाललो आहे,' असे मी कॉलेजात सांगितले, तेव्हा आमचे एक सहकारी चष्मा वर सरकवत म्हणाले, 'का हो, आपल्या मंडईतली भाजी संपली की काय?'

त्यांचे तरी काय चुकले? पुण्याच्या माणसाला मंडई एकच ठाऊक. पण विदर्भाच्या पूर्वेला, भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या मुलखात, ज्याला तिकडची माणसे प्रेमाने झाडीपट्टी म्हणतात, तिथे मंडई म्हणजे जत्रा. भाजीचा आणि तिचा संबंध इतकाच, की त्या दिवशी घरोघर पाहुण्यांसाठी ती मण मण चिरावी लागते.

दिवाळीचा पाडवा उलटला की या मंडया सुरू होतात. एका गावची आज, तर शेजारच्या गावची उद्या. दोन्ही गावे एक दिवस धरीत नाहीत, कारण धरला तर पाहुण्यांनी जायचे कुठे आणि दुकानदारांनी पाल टाकायचे कुठे? सासरी गेलेल्या लेकी येतात, त्यांच्यामागोमाग जावई येतात, आणि जावयांच्या मागोमाग उपवर मुलांचे बापही येतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात सोयरिकी, असा हा एकूण कार्यक्रम असतो.

माझी सासुरवाडी साकोली तालुक्यातली. लग्नाला नऊ वर्षे झाली, तरी मंडई पाहण्याचा योग आला नव्हता. कधी पेपर तपासायचे असत, कधी चर्चासत्र असे. खरे सांगायचे तर कंटाळाच अधिक असे. गेल्या दिवाळीत मात्र पत्नीने एकच वाक्य उच्चारले, 'चिमीला एकदा मंडई दाखवायची आहे,' आणि मी रजेचा अर्ज लिहिला. चिमी ही आमची मुलगी. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली, त्यामुळे तिच्या नावाने केलेली कुठलीही मागणी आमच्या घरात एकमताने मंजूर होते.

पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले की एक रात्र आणि वर बराचसा दिवस घालवून माणूस भंडारा रोडला पोचतो. या स्टेशनाच्या नावातला 'रोड' हा शब्द प्रवाशाने गंभीरपणे घ्यावा. स्टेशन आहे वरठीला, भंडारा राहिले पलीकडे, आणि दोघांना जोडतो तो रोड. दोन वर्षांच्या मुलीबरोबर हा प्रवास कसा होतो, हे ज्यांनी केला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केला नाही त्यांना सांगून पटायचे नाही. डब्यातल्या प्रत्येक प्रवाशाच्या डब्यात काय आहे, याची चिमीने शेगावच्या आतच मोजदाद केली होती.

भंडारा सोडून कारध्याचा पूल ओलांडला, वैनगंगा मागे पडली, आणि पत्नी खिडकीकडे सरकून बसली. दोन्ही बाजूंना धानाची शेते. हलके धान कापून झालेले, भारी धान अजून उभे. मधूनच एखादा तलाव आरशासारखा चमकून जाई. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाच्या लोकांनी उतार पाहून, पाळी घालून हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले आणि त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तरी नाव राहिले आहे, आणि पाणीही अजून त्याच पाटांतून धानाला जाते. गावाजवळच्या लहान तळ्याला इकडे बोडी म्हणतात. तो शब्द मला पत्नीनेच सांगितला, पण अगदी हळू आवाजात आणि लगेच जोड देऊन, 'म्हणजे आमच्याकडचे लोक म्हणतात.' तेव्हा मला त्या पुस्तीचे काही वाटले नाही.

मंडईच्या दिवशी सकाळपासूनच अंगणात पाहुणे मावेनात. जेवणे उरकून आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगले वर आले होते. पुढे माझा मेहुणा, त्याच्या खांद्यावर चिमी, मागे सासूबाई आणि पत्नी, आणि सर्वांत शेवटी छत्री घेतलेला मी. गावाबाहेरच्या मैदानावर पाले लागली होती. बांगड्या, आरसे, टिकल्या, प्लास्टिकच्या मोटारी, पिपाण्या, भिंगऱ्या, जिलबीच्या कढया, उसाच्या मोळ्या. एका बाईने टोपलीत उकडलेले शिंगाडे मांडले होते. बाहेरून काळे आणि शिंगे उगारलेले, पण आतून पांढरे आणि गोड. बोडीतूनच काढलेले. मेहुण्याने ओंजळभर माझ्या हातात ओतले. 'घ्या भाऊजी, हे तुमच्या पुन्याले भेटत नाही.'

चिमीला मी एक चावीची मोटार घेऊन दिली. तिने ती मामाला देऊन टाकली आणि मोटार ज्या कागदात बांधली होती तो कागद घट्ट धरून ठेवला. मुलांच्या मनोव्यापारांवर मी एक व्याख्यान दिले आहे, तरी हे मला अजून उलगडलेले नाही.

एका बाजूला दंडार रंगात आली होती. ढोलकी आणि टाळ वाजत होते, पुरुषांच्या दोन ओळी समोरासमोर नाचत होत्या, आणि त्यांतल्या काहींनी लुगडी नेसली होती. दंडार ही मुळात पुरुषांची, त्यामुळे बायकांची कामेही तेच करतात. एक उंचापुरा, दाढीची निळसर झाक असलेला गडी पदर सावरीत आमच्यासमोर आला, आणि चिमी आनंदाने ओरडली, 'आजी!' आजूबाजूचे चार-दोनशे लोक हसले. सासूबाई तर इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावे लागले. तो गडीही पट्टीचा. त्याने चिमीच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडली आणि ठेका न चुकवता परत ओळीत जाऊन उभा राहिला.

मग आला पाळणा. विजेवर फिरणारा, आकाशाला भिडणारा नव्हे. चार खोक्यांचा साधा लाकडी रहाट, आणि तो हातांनी फिरवणारी दोन माणसे. पत्नी चिमीला मांडीवर घेऊन बसली. पहिल्या फेरीला चिमीचे डोळे विस्फारले, दुसरीला ती हसली, आणि तिसरीनंतर तिने उतरायचे नाकारले. मी पुन्हा पैसे दिले. पुन्हा दिले. चौथ्या वेळी फिरवणाराच दम खात म्हणाला, 'पोट्टीले पारना म्हंजे घरच वाटला का बापा!'

शेवटी तिला उचलून उतरवले, आणि मग जे झाले ते मंडईतल्या ढोलकीलाही ऐकू जावे असे होते. ऊन, धूळ, दुपारची चुकलेली झोप, आणि हिरावलेला पाळणा. तिने जमिनीवर अंग टाकले. मी फुगा आणला. जिलबी आणली. पिपाणी स्वतः वाजवून दाखवली, जे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिले नाही हे माझे भाग्य. वीस वर्षे मराठी भाषा शिकवीत असलेल्या माणसाकडे जेवढे शब्द असतात तेवढे सगळे मी वापरले. एकाचाही उपयोग झाला नाही.

'तुम्ही पाणी आणा,' पत्नी म्हणाली, आणि चिमीला उचलून पालांच्या मागे मोहाच्या झाडाखाली गेली.

पाणी घेऊन परतलो, तेव्हा रडणे थांबले होते. उसाच्या मोळ्यांच्या आड मी थांबलो, कारण पलीकडून कोणी गात होते. आवाज बारीक, पण स्वच्छ आणि ठाम. पाळणाच होता. बोडीतली बदके, मामाच्या शेतातले धान, मामी आणि अंगडे-टोपडे, असे काहीबाही त्यात होते. पण त्यात एकही 'ळ' नव्हता आणि एकही 'ण' नव्हता. झाडीबोलीत ही अक्षरे नाहीतच. 'ळ'चा तिथे 'र' होतो, 'ण'चा 'न' होतो, आणि 'श'चा 'स'. डोळा म्हणजे डोरा, आणि पाळणा म्हणजे पारना. गाणारी बाई कोण, हे ओळखायला मला एक क्षण लागला. नऊ वर्षांत मी पत्नीला गाताना ऐकलेच नव्हते. घरी चिमीला झोपवताना ती मोबाइलवर कुणाची तरी ध्वनिफीत लावते. तिला गाण्याचे अंग नाही, अशी माझी समजूत होती.

सासूबाई माझ्याशेजारी येऊन केव्हा उभ्या राहिल्या कळले नाही. म्हणाल्या, 'लहान होती तं दिवसभर गाये. पुन्याले गाते का नाही, जवाईबापू?'

मी म्हणालो, 'पाणी द्यायचं होतं.'

दुसरे काय म्हणणार? मला आठवत होता लग्नानंतरचा पहिला पावसाळा. दोन प्राध्यापक मित्र सपत्नीक चहाला आले होते. गावात साथ होती, आणि पत्नी काळजीने म्हणाली, 'यांचे पण डोरे आले होते.' मी हसत म्हणालो, 'डोळे. ळ. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात तरी ळ सुखरूप असू दे!' सगळे हसले. तीही हसली. मी त्यात वाईट काय बोललो होतो? पण त्यानंतर ती प्रत्येक शब्द उंबरठ्यावर पाय ठेवून पाहावा तसा बोलू लागली. वर्षभरात तिचे मराठी माझ्याइतके 'शुद्ध' झाले, आणि मी मनात स्वतःला शाबासकी दिली. त्या शुद्धीत काय धुऊन गेले, ते आज उसाच्या मोळ्यांआड ऐकू येत होते.

आणि गंमत पाहा. दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गापुढे मी 'विवेकसिंधू'पासून सुरुवात करतो. मुकुंदराजांचा हा ग्रंथ 1188 सालचा, मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून मानला जातो. तो मराठवाड्यातल्या अंबेजोगाईला लिहिला गेला असे काही म्हणतात, तर वैनगंगेच्या काठच्या अंभोऱ्याला, असे दुसरे कित्येक अभ्यासक म्हणतात. हे अंभोरे भंडारा जिल्ह्याच्या अगदी सीमेवर आहे. चक्रधरस्वामींचे शिष्य निळभट भांडारेकर हे तर भंडाऱ्याचेच. 'लीळाचरित्रा'तल्या त्यांच्या भक्तीविषयी मी वर्गात तासभर बोलू शकतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला, हेही मला माहीत होते. तो कोश आमच्या ग्रंथालयासाठी मागवावा अशी शिफारस मीच केली होती. म्हणजे वैनगंगेकाठची मराठी मला आठशे वर्षांपूर्वीची चालत होती, कोशात बांधलेली चालत होती. माझ्या चहाच्या टेबलावर तेवढी चालत नव्हती.

चिमी झोपली होती. पत्नीने मला पाहिले मात्र, आणि गाणे तुटले. 'उन्हानं दमली होती,' ती म्हणाली, अगदी शुद्ध.

रात्री गावात नाटक होते. झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्र रात्र चालतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या लोकांनी नकाशात ही पट्टी शोधली. मेहुणा सगळ्यांना घेऊन नाटकाला गेला. चिमी झोपलेली म्हणून आम्ही दोघे आणि सासूबाई घरी राहिलो. आढ्याला एक जुना लाकडी पाळणा टांगलेला होता. पत्नी त्यातच वाढलेली. चिमी त्यात मावत नव्हती, तरी पाय दुमडून तिने तो ताब्यात घेतला होता. ध्वनिक्षेपकावरून नाटकातला पहिला खटका ऐकू आला, तशी ती जागी झाली. दोरीला हात लावून म्हणाली, 'पारना.'

पत्नीने चटकन माझ्याकडे पाहिले. मग वाकून म्हणाली, 'पारना नाही गं बाळा. पाळणा म्हण. पा-ळ-णा.'

हे शब्द तिचे नव्हते. नऊ वर्षांपूर्वीचे माझे होते. फक्त आता ते तिच्या तोंडून माझ्या मुलीकडे चालले होते.

'पारनाच,' मी म्हणालो. 'म्हणू दे तिला पारना.' आणि थोडे थांबून म्हणालो, 'त्या चहाच्या दिवशी मी तुला हसायला नको होतं.'

ती काही बोलली नाही. कुठला चहा, असेही तिने विचारले नाही. पाळण्याची दोरी दोन-तीनदा ओढली. मग म्हणाली, 'तुम्ही म्हणून दाखवा बरं.'

मी म्हटले, 'पारना.'

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. पत्नी म्हणाली, 'र फार दाबलात. नापास.'

तो पेपर मी अजून देतो आहे. पुण्याला परतल्यावर ध्वनिफीत हळूहळू बंद झाली. रात्री मी पेपर तपासत असतो, आणि आतल्या खोलीतून बोडी, बदके आणि मामाचे धान ऐकू येते. मी सहज आत गेलो की मात्र गाणे अजूनही थांबते. नऊ वर्षांची सवय नऊ महिन्यांत जात नाही. म्हणून हल्ली मी आत जात नाही. लाल पेन्सिल खाली ठेवतो आणि दाराशीच उभा राहतो.

यंदाच्या मंडईची तिकिटे मी स्वतः काढली आहेत. सहकाऱ्यांना सांगितले आहे, शिंगाडे आणीन.