भराव दाबलाय, पण खालच्या चिखलाचं काय?

ठाणे खाडी, पनवेल, उरण पट्ट्यात प्लॉट घेणारे हमखास मला म्हणतात, "साहेब, भरावावरनं दोन पावसाळे गेलेत, रोलर फिरवलाय. आता काय हरकत?"

हरकत आहे.

जिथे खाजण किंवा मिठागर होतं, तिथे डंपरने मुरूम, पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज, कधी चक्क कचरा टाकतात. वर चालताना जमीन टणक लागते. खाली खाडीचा काळा चिखल तसाच असतो, कुठे 3 मीटर, कुठे 10-15. कातळ त्याच्याही खाली.

आणि भराव हेच मोठं ओझं आहे, हे कुणी धरतच नाही. एक घनमीटर दाबलेला मुरूम साधारण पावणेदोन-दोन टन भरतो. तीन मीटर भराव म्हणजे दर चौरस मीटरला साडेपाच-सहा टन. चार-पाच मजली इमारतीचं वजन जागेवर पसरलं तर जवळपास एवढंच होतं. चिखलाच्या हिशेबात बिल्डिंग आधीच उभी राहिलेली असते! त्या वजनाने चिखलातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन खचत जाते. थर दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट. दोन पावसाळ्यांनी काय होणार?

प्लेट लोड टेस्टचा कागद दाखवतात, त्यानेही भुलू नका. ती प्लेट फूट-दोन फुटांची. तिचा भार प्लेटच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंतच जाणवतो. म्हणजे तपासला गेला फक्त भराव.

बरं, पाईल कातळात रोवले की सुटलो? पूर्ण नाही. खचणारा भराव आणि चिखल पाईलला धरून खाली ओढतात. हे जादाचं ओझं डिझाइनमध्ये धरावं लागतं. एका सोसायटीत मला बोलावलं होतं. इमारतीला तडा नाही, पण पार्किंगची जमीन वीतभर खाली, पायरी लोंबकळतेय, ड्रेनेजचा पाईप भिंतीपाशी तुटलेला. खांब पाईलवर, तळमजल्याची फरशी मात्र थेट भरावावर टाकलेली. तो स्लॅब बीमवर घेतला असता आणि पाईपांना थोडी हलायची मुभा ठेवली असती तर रहिवाशांचा खर्च वाचला असता. बिल्डर तोवर दुसऱ्या प्लॉटवर.

माझं मत स्पष्ट आहे. भरावाच्या जमिनीवर कातळापर्यंतच्या बोअरचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय परवानगी मिळूच नये, आणि तो रिपोर्ट फ्लॅट घेणाऱ्यालाही मागता यावा.

तोवर तुम्हीच मागा. बोअर घेताना 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडतात आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते लिहितात. हाच तो 'एन'. भरावात आकडा बरा दिसेल, डेब्रिजचा दगड लागला तर फारच बरा. खाली तो 1-2 वर आला की समजा चिखल लागला. रिपोर्ट 4-5 मीटरवरच संपत असेल तर पैसे द्यायच्या आधी पुढचा बोअर मारून घ्या. रिपोर्ट आहे पण कळत नाही, त्यांनी पानांचे फोटो पाठवा, बघून सांगतो.