लांब फळीचा उत्सव

सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनारा गाठण्याचा खेळ. हवाई बेटांवर तो पिढीजात आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आखूड, चपळ फळ्या आल्या. नऊ फुटी लांब फळ्या अडगळीत गेल्या. त्यांवर आयुष्य घालवलेली पिढीही किनाऱ्यावरच राहते की काय, अशी वेळ आली. तेव्हा, १९७७ साली, ओआहू बेटावरील माकाहा येथे रिचर्ड ‘बफेलो’ केआउलाना यांनी मोठ्या फळ्यांची स्पर्धा सुरू केली.

स्पर्धेच्या दिवसांत वाळूवर कुटुंबांचे तंबू पडतात, गाणी रंगतात. कोणी जोडीने फळीवर उभे राहते, कोणी होडीतूनच लाट पकडते. बक्षीस मोजक्यांना मिळते; परंतु आजोबांची फळी नातवाच्या पायाखाली पुन्हा ओली होते, ही कमाई साऱ्या गावाची.