नगर–नाशिक, व्हाया राहाता

१
गाडी राहात्याची. शिर्डीहून आलेली पार्टी नगरला सोडून ती रिकामी परतणार होती, म्हणून एकेरी भाड्यात मिळाली. नगर ते नाशिक, वाटेत राहाता. आत्याला नाशिकला पोचवायचे होते आणि मला वाटेत थांबायचे होते.

२
या धंद्यात प्रवाशाला 'पार्टी' म्हणतात. पार्टी एकच माणूस असला तरी पार्टी. थांबून राहण्याला 'वेटिंग', रात्रीच्या मुक्कामाला 'नाइट हॉल्ट', देवळे-लेणी-किल्ले सगळ्यांना मिळून 'साइटसीन'.

३
ड्रायव्हरने दाखवलेले छापील कार्ड: शिर्डी–शिंगणापूर. शिर्डी–नाशिक–त्र्यंबकेश्वर. शिर्डी–वेरूळ–घृष्णेश्वर. शिर्डी–पुणे ड्रॉप.
सिन्नरचा गोंदेश्वर त्यात नाही. कोपरगाव नाही. पुणतांबा नाही. ज्या गावात कार्ड छापले, ते राहाताही नाही.

४
पाट्यांवर अहिल्यानगर. गाडीत, स्टँडवर, फोनवर नगर.

५
नगरचा भुईकोट किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून ठेवले. नेहरू मार्च १९४५ पर्यंत होते आणि त्यातल्या १९४४ च्या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलाना आझादांनी याच किल्ल्यात 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली. पत्रे पाठवता येत नव्हती, तरी लिहिली.
पुस्तकाच्या सुरुवातीलाच नेहरू बागकामाबद्दल लिहितात. किल्ल्यातली जमीन वाईट, दगडगोट्यांची. भर उन्हात तासन् तास खणून त्यांनी फुलांचे वाफे केले. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत. ज्या भिंतींसाठी चांदबिबी १५९५ मध्ये मोगलांशी लढली, त्यांचाच तो चुरा असेल असे मला वाटते.

६
शहराच्या पूर्वेला डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. नगरमध्ये सगळे तिला चांदबिबी महाल म्हणतात. आत कबर सलाबतखानाची आहे, मुर्तझा निजामशहाच्या वजिराची.

७
"मावशी, खड्डे आले की सांगतो, हँडलला धरा." विळदपासून त्याने सांगायला सुरुवात केली. देहऱ्यानंतर सांगणे सोडले. आत्याने हँडल सोडले नाही.

८
नगर–मनमाड रस्त्याचे काम किती वर्षे चालू आहे, हे या पट्ट्यातली माणसे घरातल्या घटनांवरून मोजतात. थोरलीचे लग्न झाले तेव्हा खोदला होता, धाकटीच्या वेळीही खोदलेलाच होता. हा रस्ता दक्षिण भारताला उत्तर भारताशी जोडतो. केळी, कांदा, साखर, गाड्यांचे सुटे भाग आणि साईभक्त, सगळे यावरून जाते. इथे मोटारसायकलवरून पडून माणसे मेली आहेत. रस्ता नीट करणे ही उपकाराची गोष्ट नाही.

९
राहुरीच्या अलीकडे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, स्थापना १९६८. मैलभर कुंपण, आत संशोधनाची शेते. ऊस 'फुले २६५', डाळिंब 'फुले भगवा सुपर'. जोतीरावांचे नाव बियाण्याच्या पिशवीवर, खताच्या दुकानात, उसाच्या सरीत रोज घेतले जाते. कुठल्याही पुतळ्याहून हे मला मोठे वाटते.

१०
मुळा ओलांडली. पुढे कोल्हारला प्रवरा. मधल्या पट्ट्यात ऊस.
ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर ट्रॉलीच्या दुप्पट रुंद ऊस. मागे दिवा नाही. लाल कापडाची चिंधी बांधलेली. बैलगाड्याही आहेत, लाकडी चाकांऐवजी टायरच्या. एका गाडीवर उसाच्या वर बाई, बाईच्या मांडीवर मूल.

११
कोल्हारच्या भगवतीला आत्याने गाडीतूनच नमस्कार केला. "हिला सगळे असाच करतात," ड्रायव्हर म्हणाला, "शिर्डीची घाई असते ना."
मग थांबलो. आत्याने खाली उतरून नीट केला.

१२
बाभळेश्वरच्या चौकातून पश्चिमेला लोणी. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. एक शेतकरी, एक प्राध्यापक. त्यांनी उभारलेल्या, शेतकऱ्यांच्या मालकीच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१. गाडगीळ अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले संस्थेतला हा माणूस गावोगावी भागभांडवलाच्या सभांना येऊन बसत असे. परदेशी पाहुण्यांना मी आधी ताजमहाल नाही, हा चौक दाखवीन.

१३
राहाता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरू. क्रेटमध्ये, टोपलीत, पाल्यावर रचलेले. विकणारी बाई एक कापून, तिखट-मीठ लावून पुढे करते. घ्या न घ्या, आधी खा. इथला नावाजलेला वाण सरदार, म्हणजेच लखनौ-४९. त्याची निवड झाली पुण्याच्या गणेशखिंडीत. वाढतो गोदावरीच्या कालव्यावर.

१४
त्या कालव्याचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून येते. बंधारा ब्रिटिशांच्या वेळचा. मागे साचलेल्या गाळात पक्षी आले, आणि जानेवारी २०२० मध्ये ती जागा महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ ठरली. ड्रायव्हरला पक्ष्यांचे माहीत नव्हते. कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, ते तारखेसह माहीत होते. त्याची दोन एकर बाग आहे.

१५
राहात्यात चहा. ड्रायव्हरचे घर जवळच, तो पाच मिनिटांत जाऊन आला. येताना आत्यासाठी पेरूची पिशवी आणली. पैसे घेईना. आत्याने त्याच्या मुलीसाठी नोट दिली, ती त्याने कपाळाला लावून घेतली.

१६
राहात्याला पर्यटनाच्या नकाशात जागा नाही. 'साईसच्चरिता'त आहे.
साईबाबा शिर्डी सोडून फार तर दोनच गावांना जात, एकीकडे निमगाव, दुसरीकडे राहाता. राहात्यात खुशालचंद शेठ यांच्याकडे. कधी बैलगाडीने, कधी टांग्याने. राहात्याचे लोक वेशीपर्यंत वाजंत्री घेऊन सामोरे येत, वाजतगाजत गावात नेत. खुशालचंद त्यांना बसवून जेवू घालीत. गप्पा होत, आणि बाबा परत. त्यापलीकडे ते कधी गेले नाहीत. आगगाडी त्यांनी पाहिली नव्हती, असे सच्चरिताचे लेखक दाभोलकर लिहितात; गाड्यांच्या वेळा मात्र त्यांना ठाऊक असत.
दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ चा. भक्त कोपरगाव स्टेशनला उतरून टांग्याने शिर्डीला येत.

१७
आणखी एक, तेही सच्चरितातलेच. बाबांनी राहात्याहून झेंडू, जाई, जुईची रोपे आणली. शिर्डीत ओसाड जागा साफ करून लावली. वामनतात्या रोज दोन कच्चे घडे देत. बाबा ते खांद्यावर घेऊन स्वतः पाणी घालीत. भट्टीत न भाजलेली माती ती. संध्याकाळी घडे निंबाखाली ठेवले की फुटत. दुसऱ्या दिवशी नवे दोन. असे तीन वर्षे.
ती बाग होती, तिथे आज समाधी मंदिर आहे.

१८
शिर्डी. दर्शनरांग, व्हीआयपी पास, मोबाइल लॉकर, प्रसादालय. १ ऑक्टोबर २०१७ पासून काकडीला विमानतळ. हैदराबादहून विमानाने आलेले एक कुटुंब पार्किंगमध्ये शिंगणापूरचे भाडे ठरवत होते. आमच्या ड्रायव्हरने त्यांच्याशी तेलुगूत घासाघीस केली. तेलुगू कुठे शिकलात? "इथंच. पार्टीकडून."
तमिळ येते, गुजराती येते, सिंधी थोडी. शाळा दहावीपर्यंत.

१९
सावळीविहीर फाटा. डावीकडे सिन्नर–नाशिक, सरळ कोपरगाव–येवला–मनमाड. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. शिर्डीहून येवला तासाभराच्या आत. छापील कार्डावर तेही नाही.

२०
कोपरगावला वाट वाकडी करावी लागते. वीस-एक किलोमीटर वाढतात, ड्रायव्हरने ते आधीच सांगितले. हे जादा भाडे दरडोई वाटले तर नाश्त्याच्या खर्चाएवढेही नाही.
नारायणरावांच्या खुनातला 'ध चा मा' मराठी घराघरांत माहीत असतो. राघोबादादा पुढे कुठे गेले, हे फारसे कुणी विचारत नाही. १७५८ मध्ये त्यांच्या फौजा लाहोरला होत्या, अटकेपर्यंत गेल्या. मग गृहकलह, इंग्रजांशी सुरतेचा तह, सात वर्षांचे युद्ध, सालबाईचा तह. शेवटी नेमणूक घेऊन गोदाकाठी कोपरगावात. ११ डिसेंबर १७८३ रोजी तिथेच मृत्यू, वय ४९. वाडा अजून उभा आहे. लाकडी काम पाहण्यासारखे आहे आणि त्याची काळजी घेण्याची गरजही डोळ्यांना दिसते.

२१
११ डिसेंबर २०२२. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला, ५२० किलोमीटर. उतरण्याची जागा कोपरगाव तालुक्यातच, कोकमठाणला.

२२
पुणतांब्याला जाता आले नाही. तो राहाता तालुक्यातच, गोदावरीच्या काठी. चांगदेवांची समाधी तिथे आहे. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघालेले चांगदेव, आणि भिंत चालवत सामोरी आलेली ती चार भावंडे. शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो याच गावातून, १ जून २०१७. दूध रस्त्यावर, भाजी शेतात. त्याच महिन्यात सरकारने कर्जमाफी जाहीर केली.

२३
वावीच्या पुढे ऊस संपतो. जमीन खडकाळ, बाजरीची, कांद्याची. पावसाच्या सावलीतला तालुका. आत्या म्हणाली, "इकडं मुली द्यायला नको म्हणायचे आमच्या वेळी." पाण्यासाठी लांब जावे लागे.

२४
साईभक्तांच्या पालख्या याच रस्त्याने. मुंबईची तरुण मुले, पायांत पातळ चपला, पोटऱ्यांवर बँडेज. मागून येणाऱ्या ट्रकला ती सगळ्यात शेवटी दिसतात.

२५
सिन्नर. गोंदेश्वर.
इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. उंच जोते, मधोमध शिवाचे मोठे देऊळ, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य. समोर नंदीचा मंडप. शैव पंचायतन, भूमिज शिखर: तळापासून टोकापर्यंत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी चढत गेलेल्या. खाली हत्तींचा थर. यादवांची राजधानी देवगिरीला जाण्याआधी ती इथे सिन्नरला होती. महाराष्ट्रातले यादवकालीन देऊळ संपूर्ण, शिखरासकट, उपदेवळांसकट पाहायचे तर यासारखे दुसरे मी पाहिलेले नाही. नाशिक–पुणे हमरस्ता इथून काही मिनिटांवर आहे. त्या रस्त्याने रोज हजारो गाड्या जातात.
आवारात चार माणसे होती. तिघे आम्ही.

२६
"मावशी, मी इथं पहिल्यांदाच आत आलो," ड्रायव्हर म्हणाला. नाशिकची भाडी तो लग्नाच्या आधीपासून मारतो. पार्टी थांबा म्हणत नाही, तर तो कशाला थांबेल? वेळ म्हणजे त्याचे डिझेल, त्याचे पुढचे भाडे. दोष त्याचा नाही. सांगणे आपले काम आहे: गाडी ठरवतानाच थांबे बोलून घ्यावेत, वेटिंगचे पैसे कबूल करावेत आणि ड्रायव्हरला सोबत आत न्यावे.
त्याने सूर्याच्या देवळाचे फोटो काढून बायकोला पाठवले.

२७
सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. विहीर खोदताना, खडी फोडताना दख्खनच्या काळ्या कातळातून निघालेले झिओलाइट आणि इतर खनिजांचे स्फटिक. गुलाबी, हिरवे, मोरपिशी. गोंदेश्वर याच कातळाचा.

२८
नाशिक. काळाराम मंदिर, पेशवाईतले. प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. नंतरचे येवले.
आत्या पूर्व दाराशी थांबून म्हणाली, "पाच वर्षं?" आणि पुन्हा म्हणाली, "पाच वर्षं उभे राहिले?"

२९
२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकचे रस्ते खणलेले. ड्रायव्हरने गाडी गोदाघाटापासून लांब लावली आणि आत्याला हाताला धरून चालवत नेले. वेटिंग लावले नाही.

३०
पांडवलेणी. चोवीस लेणी, पायऱ्या बऱ्याच. आत्या खाली गाडीत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर आईने नातवाच्या राज्यात कोरवलेला.
दहाव्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने काय काय दान केले त्याची यादी: भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथे प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा आणि उतारे. विहिरी, तळी. पारदा, दमणा, तापी, डाहाणुका या नद्यांवर नावा, फुकट पार होण्यासाठी. नदीच्या दोन्ही तीरांवर लोकांना बसायला आसरा आणि पिण्याच्या पाण्याची सोय. गोवर्धन म्हणजे इथलेच, नाशिकजवळचे.
ड्रायव्हरने हे सगळे वाचून दाखवायला लावले. फुकटच्या नावांचे पुन्हा विचारले. दोन्ही तीरांवरच्या पाण्याचेही.

३१
हिशेब गाडीच्या बॉनेटवर. ठरलेले भाडे, कोपरगावचे जादा किलोमीटर, पार्किंग. गोंदेश्वरचे वेटिंग त्याने लिहिले नव्हते, ते मी लिहायला लावले.

३२
परतीची गाडी रिकामी गेली की त्याचा दिवस तोट्यात. म्हणून आत्याला घरी सोडून तो द्वारका चौकात जाऊन उभा राहिला. शिर्डी, शिर्डी, शिर्डी. रात्री फोन आला: नागपूरचे पाच जण मिळाले, पोचवले, राहात्यात घरी आलोय, मावशींना पेरू उद्याच संपवायला सांगा, पिकलेले आहेत.