ढगावर लिहिलेले रंग

फ्रेडरिक एडविन चर्च या अमेरिकन चित्रकाराची पेन्सिलची रेखाटनं संगणकावर पाहताना मी पार गोंधळले. ढगाच्या पोटात बारीक अक्षरं, डोंगरउतारावर आकडे, झाडं अर्ध्यावर सोडलेली. चित्र म्हणावं तर अपुरं. आणि तरी न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट संग्रहालयात असे ढीगभर कागद जपून ठेवलेत. 1917 मध्ये त्याच्या मुलानंच ते तिथे दिले.

पुण्यातल्या बावधनला मी नुकतीच निसर्गचित्रं शिकू लागलेय. सरांना विचारलं, "ही अक्षरं कशासाठी?"

"टेकडीवर चला, मग बोलू."

फेब्रुवारीतली कलती दुपार होती. समोर वाळलेलं कुसळी गवत, मधूनच वर आलेला दगड, गिरिपुष्पाला फिकट गुलाबी बहर. दक्षिणेला सिंहगड आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा. एवढं सगळं एका कागदात कुठून धरायचं? गडाची कड काढून होईतो उतारावरची सावली हातभर सरकली होती, गवताचा रंगही पालटला होता. कुठली सावली खरी मानायची?

"पहिली आहे तिथेच राहू द्या," सर म्हणाले. "आणि रंग लिहून ठेवा."

मग मी लिहिलं. गड: निळा, पायथ्याशी धुरकट. गवत: जुन्या गुळासारखं. दगड: काळा नाही, जांभळट.

चर्च 1853 आणि 1857 मध्ये दक्षिण अमेरिकेत जाऊन आला. 'हार्ट ऑफ द अँडीज' हे सुमारे दहा फूट रुंदीचं तैलचित्र त्यानं 1859 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पुरं केलं. अँडीजचे डोंगर हजारो मैल दूर. हाताशी होते ते हेच कागद. रंग डोळ्यांपुढून गेला तरी शब्द कागदावर राहत होता.

जागेवर बसून टिपून घेणं पुण्याला नवं नाही. 1790 च्या दशकात पुण्याचे गंगाराम तांबट इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटत होते. त्यांची रेखाटनं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ती पाहायला मला पुन्हा संगणकच उघडावा लागतो, याची चुटपुट लागते.

एका गोष्टीपाशी मात्र मी अजून अडते. नजरेत घुसणाऱ्या उंच इमारती काढायच्या की वगळायच्या? वगळल्या तर चित्र देखणं होतं, पण ते बावधन राहत नाही. आणि समोर आहे ते उद्या असेलच असंही नाही. बावधनजवळच्या चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 ला मध्यरात्रीनंतर स्फोटानं पाडला. फोटो आहेत माझ्याकडे. पण संध्याकाळी त्याच्याखालचा काळोख कसा रंगायचा, ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं, मग लिहून ठेवणं दूरच. म्हणून इमारती काढतेय. एकीवर लिहिलंय, 'करडी, वरच्या मजल्यांवर केशरी ऊन'. तिच्या डोक्यावरची क्रेन कागदाबाहेर जाते. तिचं काय करायचं, ते पुढच्या वेळी सरांना विचारायचंय.